फॉरमॅट मारण्याआधी

“मेल चालंना.”

हिंगोलीत असो, वसमतच्या मोंढ्यात असो की सेनगावच्या एखाद्या शाळेत, कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलं की आधी हे दोन शब्द कानावर पडतात. त्यांच्या पाठोपाठ प्रश्न येतो, “फॉरमॅट मारायचं का?” रोग अजून कळलेला नसतो आणि औषध ठरलेलं असतं. या दोन वाक्यांच्या मधल्या वेळासाठी मी ही पुस्तिका लिहिली आहे. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालणारा मेलचा प्रोग्रॅम, मग तो आउटलूक असो की थंडरबर्ड, वारंवार आपोआप बंद पडू लागला तर काय बघायचं, कोणत्या क्रमाने बघायचं आणि काय अजिबात करायचं नाही, एवढाच तिचा विषय आहे.

विषय लहान वाटेल. मला तो लहान वाटत नाही, आणि त्याचं कारण 2011 सालातलं आहे.

त्या वर्षी कळमनुरी तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचा कॉम्प्युटर माझ्याकडे आला. मेलचा प्रोग्रॅम उघडला की काही सेकंदांत बंद व्हायचा. मी या धंद्यात नवा होतो आणि हातात कामं भरपूर होती. डेस्कटॉपवरच्या फाईली घेतल्या, माय डॉक्युमेंट्स घेतलं, फोटो घेतले आणि विंडोज नव्याने टाकलं. संध्याकाळी कॉम्प्युटर घरी नेऊन जोडून दिला. गुरुजींनी मेल उघडला. इनबॉक्स रिकामा होता. त्यांचा मुलगा परदेशात होता आणि सहा वर्षांची त्याची पत्रं त्यात होती. तो प्रोग्रॅम पत्रं सर्व्हरवरून उतरवून घ्यायचा आणि सर्व्हरवरची पुसून टाकायचा. म्हणजे साऱ्या जगात त्या पत्रांची एकच प्रत होती आणि ती सी ड्राईव्हवरच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये होती. तो फोल्डर मी उघडून बघितलाच नव्हता. गुरुजी रागावले नाहीत. “राहू द्या,” म्हणाले आणि आत चहा सांगितला. तो चहा घशाखाली उतरत नव्हता.

तेव्हापासून एक नियम मी कधी मोडला नाही. मेलचा प्रोग्रॅम बिघडला असेल तर दुरुस्तीचं पहिलं काम म्हणजे पत्रांची प्रत काढणं. प्रत हातात आल्याशिवाय एकाही बटणाला हात लावायचा नाही. या पुस्तिकेतली पहिली चौदा पानं त्यावरच खर्ची पडली आहेत. वाचणाऱ्याला ती रेंगाळल्यासारखी वाटली तरी ती कमी करायला माझं मन झालं नाही.

मुळात पत्रं असतात कुठे, हे माहीत नसल्यामुळेच निम्मं नुकसान होतं. जुन्या तहसीलच्या अभिलेख कक्षात ज्यांनी पाऊल ठेवलं आहे त्यांना हे लगेच समजेल. तिथे कागद रुमालात बांधलेले असतात आणि कोणता कागद कोणत्या रुमालात, हे सांगणारी नोंदवही वेगळी असते. थंडरबर्डचं तसंच आहे. इनबॉक्स म्हणजे एक लांबलचक फाईल, तिच्यात एकाखाली एक सगळी पत्रं साध्या मजकुराच्या रूपात लिहिलेली. तिच्या शेजारी त्याच नावाची, पण शेवटी एमएसएफ लावलेली एक छोटी फाईल असते. ती नोंदवही. प्रोग्रॅम सुरू झाला की तो आधी नोंदवही वाचतो आणि तिच्यात लिहिलेल्या जागी पत्र शोधायला जातो. नोंदवही फाटलेली असेल, तिच्यातलं पान अर्धवट लिहिलेलं असेल, तर प्रोग्रॅम भलत्याच जागी जातो, तिथे भलतंच काही सापडतं आणि तो जागच्या जागी कोसळतो. बघणाऱ्याला वाटतं सगळं गेलं. खरं तर रुमाल जसाच्या तसा असतो. प्रोग्रॅम बंद करून ती नोंदवही बाजूला काढून ठेवली, तर पुढच्या वेळी तो कागद पुन्हा मोजून नवी नोंदवही तयार करतो. आउटलूकचा प्रकार वेगळा आहे. तिथे कागद आणि नोंदवही एकाच पीएसटी फाईलमध्ये शिवलेली असतात, म्हणून ती तपासायला मायक्रोसॉफ्टने स्कॅनपीएसटी नावाचं वेगळं हत्यार दिलं आहे. ते चालवण्याआधीसुद्धा फाईलची प्रत हवीच, कारण दुरुस्त करताना न जुळणारा भाग ते टाकून देऊ शकतं.

रुमालाची उपमा मला उगाच सुचलेली नाही. 2023 च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या तहसिलींमधून निजामकाळातली दप्तरं उघडली गेली. मोडी वाचणारे शोधले, उर्दू वाचणारे शोधले. शंभर-शंभर वर्षांपूर्वीचा कागद, वाळवी आणि ओल सोसून टिकलेला, माणसांच्या हातात आला. कुणाच्या पणजोबांचं नाव एका ओळीत सापडलं आणि त्या एका ओळीसाठी लोक महिनोन्‌महिने हेलपाटे घालत होते. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या पतसंस्थेत 2009 सालचा पत्रव्यवहार मागितला तर उत्तर मिळतं, “तो जुन्या कॉम्प्युटरमध्ये होता, फॉरमॅट मारला.” हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो 1 मे 1999 रोजी. म्हणजे या जिल्ह्याचा जवळजवळ सगळा कारभार ई-मेलच्या काळातला आहे. त्यातलं किती पुढच्यांना वाचायला मिळणार, हे पुष्कळदा एखाद्या दुरुस्ती करणाऱ्या पोराच्या दहा मिनिटांच्या घाईवर ठरतं.

आता एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण पुस्तिकेची सगळी पद्धत त्यात आहे.

हळदीचा हंगाम होता. वसमतच्या मोंढ्यातल्या एका आडतीवरून फोन आला. दुकानाच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर, दाराशी हळकुंडांची पोती रचलेली. कॅबिनेटचं झाकण काढलं तर पंख्याच्या पात्यांवर पिवळी धूळ लेप दिल्यासारखी बसलेली. मुनीम म्हणाले, “काल येकजण येऊन गेला. फॉरमॅट मारावं लागंल म्हन्ला. पन यात आमच्या आठ वर्साच्या मेली हायेत, सांगलीवाल्यांच्या, पार्ट्यांच्या. मालक नको म्हन्ले.”

मी विचारलं, “चालत नाही म्हणजे नक्की काय होतं?”

हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. ‘चालंना’ या एका शब्दात तीन वेगळे बिघाड दडलेले असतात. प्रोग्रॅम उघडून आपोआप नाहीसा होतो, तो खरा कोसळणारा. खिडकी समोर असते पण गोठते, माऊसला दाद देत नाही, तो हँग झालेला. आणि तिसरा, प्रोग्रॅम धडधाकट असतो पण पासवर्ड नाकारला जातो. 30 मे 2022 पासून गुगलने साध्या पासवर्डने आत येणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमांना दार बंद केलं, तेव्हा आपल्याकडे कितीतरी कॉम्प्युटरांवर नव्याने विंडोज टाकलं गेलं. बिघाड नव्हताच. खात्याची मांडणी बदलायची होती.

मुनिमांचा प्रोग्रॅम खराच कोसळत होता. उघडल्यावर वीसेक सेकंद नीट दिसायचा, मग नाहीसा. मी आधी सगळा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवायला लावला. पाऊण तास गेला. तेवढ्यात पंखा साफ केला, पण धुळीला दोष दिला नाही. उष्णतेने दम टाकला तर सगळा कॉम्प्युटर बंद पडतो. एकच प्रोग्रॅम नेमका विसाव्या सेकंदाला पडत नाही.

प्रत झाल्यावर प्रोग्रॅम सेफ मोडमध्ये चालवला, म्हणजे वरून जोडलेले सगळे जोडकार्यक्रम बाजूला ठेवून. तरीही कोसळला. म्हणजे जोडकार्यक्रम निर्दोष. मग एक नवं, कोरं प्रोफाईल तयार केलं. त्यात अर्धा तास प्रोग्रॅम खुशाल चालला. म्हणजे प्रोग्रॅम निर्दोष, विंडोज निर्दोष, मेमरीही बहुधा निर्दोष. दोष जुन्या प्रोफाईलमध्ये. मग इंटरनेटची वायर काढून जुनं प्रोफाईल उघडलं. वीस सेकंद गेले, मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली. पडला नाही. मुनीम खुर्ची ओढून जवळ बसले. वायर लावली, आणि पडला.

याचा अर्थ एवढाच होता की प्रोग्रॅम जुनी पत्रं वाचू शकत होता, नवं पत्र लिहिताना मात्र मरत होता. इनबॉक्सच्या फाईलवर उजवी क्लिक करून आकार बघितला. 3.99 जीबी. ज्या डी ड्राईव्हवर ती फाईल ठेवली होती त्याची मांडणी बघितली तर ती फॅट32 निघाली. कुणीतरी फार पूर्वी तो ड्राईव्ह तसा करून ठेवला होता. फॅट32 मध्ये एक फाईल जास्तीत जास्त 4,29,49,67,295 बाईटची होऊ शकते. त्यापुढे एक अक्षरही मावत नाही. आठ वर्षं पोतं भरत आलं होतं आणि त्या आठवड्यात ते तोंडापर्यंत आलं.

मुनीम म्हणाले, “पन साहेब, मी तर दर महिन्याला जुन्या मेली काढून टाकतो.” ते खरं सांगत होते. यातली मेख अशी की अशा प्रोग्रॅमात पत्र डिलीट केल्यावर ते फक्त दिसेनासं होतं. रुमालातला कागद तिथेच राहतो, नोंदवहीत त्याच्यावर काट मारली जाते, इतकंच. फोल्डर कॉम्पॅक्ट केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही. आणि कॉम्पॅक्ट करताना प्रोग्रॅम आधी नवी फाईल लिहितो, म्हणून डिस्कवर तेवढी मोकळी जागा लागते. आम्ही फोल्डर एनटीएफएस ड्राईव्हवर हलवला, कॉम्पॅक्ट केला आणि पत्रं वर्षावार वेगळ्या फोल्डरांत लावली. इनबॉक्स दीड जीबीच्या आत आला. विंडोज जसंच्या तसं राहिलं. एकही पत्र गेलं नाही.

फाईलच्या आकाराने प्रोग्रॅम मरतो, हे वसमतपुरतं नाही. आउटलूकच्या 2002 पर्यंतच्या आवृत्त्यांत पीएसटी फाईलला 2 जीबीची मर्यादा होती आणि ती ओलांडली की फाईल उघडायचीच नाही. मायक्रोसॉफ्टला तेव्हा फाईलचं शेपूट कापून ती उघडण्याजोगी करणारं हत्यार काढावं लागलं होतं, आणि कापलेल्या भागातली पत्रं जायची ती जायचीच. 2003 मध्ये नव्या धर्तीच्या फाईलला 20 जीबी आणि 2010 मध्ये 50 जीबी अशी मर्यादा वाढत गेली. आउटलूक एक्सप्रेसच्या फोल्डर-फाईली 2 जीबीच्या आसपास गेल्या की बिघडत.

त्या दिवशी खोलीत जे केलं त्यात हुशारी काही नव्हती. एका वेळी एकच गोष्ट बदलली, इतकंच. आपल्याच औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा शिवारात, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचा हलकावा प्रोटॉनच्या रुंदीपेक्षाही कितीतरी लहान. अशा यंत्रावर काम करणाऱ्यांचं बरंचसं आयुष्य हा आवाज कुठून येतो, ते कंपन कशाचं, हे एकेक करून वेगळं काढण्यात जातं. त्यांच्या आणि आपल्या कामाच्या मापात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण चाल तीच आहे. प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल केला, अँटिव्हायरस काढला, ड्रायव्हर बदलला आणि रजिस्ट्री साफ केली, असं चारही एका दमात केलं तर मेल सुरू झाला तरी कशाने झाला ते कळत नाही. महिन्याने तो पुन्हा पडतो तेव्हा आपण पहिल्याच पायरीवर उभे असतो.

आपल्या भागात सगळ्यात जास्त बळी घेतले ते विजेने. भारनियमनाच्या वर्षांत लाईट कधी जाईल याचा नेम नसायचा आणि प्रोग्रॅम नेमका नोंदवही लिहीत असताना अंधार व्हायचा. आता भारनियमन पूर्वीसारखं नाही, पण वळवाच्या पावसात लाईट जातेच. यूपीएस टेबलाखाली असतो, त्याची बॅटरी मेलेली असते, आणि दिवा हिरवा दिसतो म्हणून कुणी तपासत नाही. महिन्यातून एकदा सगळ्या फाईली सेव्ह करून, प्रोग्रॅम बंद करून, भिंतीवरचं बटण बंद करून बघा. कॉम्प्युटर पाच मिनिटं तरी तग धरतो का, तेवढं कळलं तरी पुरे.

अँटिव्हायरसबद्दल इथेच सांगून ठेवतो, कारण त्यात धोका मोठा आहे. इनबॉक्स ही एकच मोठी फाईल असल्यामुळे तिच्यातल्या एका पत्रात व्हायरस सापडला तर काही अँटिव्हायरस अख्खी फाईलच उचलून कोठडीत टाकतात. सकाळी मेल उघडतो आणि इनबॉक्स गायब. घाबरू नका, आणि कोठडी रिकामी करू नका. फाईल तिथून परत आणता येते. पुढे तसं होऊ नये म्हणून मेलचा फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळायचा आणि आलेल्या जोडपत्रांची तपासणी चालू ठेवायची.

मेमरी खराब असेल तर प्रोग्रॅम वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळं काम करताना पडतो आणि त्याच्याबरोबर इतरही प्रोग्रॅम पडतात. ठरावीक एक मराठी पत्र उघडताच पडत असेल तर फॉन्टकडे बघायचं. आपल्या कॉम्प्युटरांत बातम्या, पत्रिका, जाहिरातींसाठी वर्षानुवर्षं टाकलेले जुने फॉन्ट शेकड्याने असतात आणि त्यातली एखादी फाईल फुटकी निघते. हे क्वचित घडतं, पण घडतं.

विंडोजमध्ये रिलायबिलिटी मॉनिटर म्हणून एक सोय असते, ती फार थोड्यांना माहीत आहे. कोणत्या दिवशी कोणता प्रोग्रॅम कोसळला, ते तिथे कॅलेंडरसारखं मांडलेलं दिसतं, लाल फुलीसह. पहिली फुली कोणत्या तारखेला पडली ते बघा आणि त्या दिवशी काय बदललं ते आठवा. नवा प्रिंटर जोडला होता का? अपडेट आलं होतं का? तारीख सापडली की निम्मं काम झालं. पडद्यावर आलेला इंग्रजी निरोप समजला नाही तरी चालेल, मोबाईलने त्याचा फोटो काढून ठेवा. “कायतरी इंग्रजीत येतं” एवढ्यावर कुणालाच मदत करता येत नाही.

मला नेहमी विचारतात, मोबाईलवर मेल दिसतो, ब्राउझरमध्ये दिसतो, मग हा प्रोग्रॅम हवाच कशाला? ज्याचं काम मोबाईलवर भागतं त्याने खुशाल तसं करावं. पण रस्त्याचं काम निघालं की केबल तुटते आणि दोन-दोन दिवस नेट नसतं, तेव्हा जुनं पत्र काढून दाखवायला हाच प्रोग्रॅम उपयोगी पडतो. तीन-चार खात्यांची पत्रं एका ठिकाणी येतात. आणि मुख्य म्हणजे आपल्या पत्रांची एक प्रत आपल्या घरात राहते. गुगलच्या फुकट खात्याला 15 जीबीची हद्द आहे, त्यात फोटोही आले. ती भरली की नवी पत्रं येणं थांबतं. आपली प्रत आपल्याकडे असावी, या मताचा मी आहे आणि पुस्तिका त्या मताने लिहिली आहे.

प्रोग्रॅम जुना होतो, ही गोष्टही मान्य करायला हवी. थंडरबर्डची पहिली पूर्ण आवृत्ती 7 डिसेंबर 2004 रोजी आली. तेव्हापासून तो अजून चालू आहे, पण त्याच्या 115 नंतरच्या आवृत्त्या विंडोज 7 वर चालत नाहीत. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. आपल्या शाळांत, सोसायट्यांत विंडोज 7 चे कॉम्प्युटर अजून दिसतात. त्यांवर बिघाड झाला तर खटपट करून वेळ मारून नेता येईल, पण पत्रं नव्या जागी हलवणं हाच खरा इलाज. त्यासाठी शेवटचं प्रकरण आहे.

डिस्कच मेली असेल, टकटक आवाज करत असेल, तर या पुस्तिकेचा उपयोग नाही. ती चालू-बंद करत बसू नका, जाणकाराकडे न्या.

पुस्तिका ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकांसाठी आहे, आडतीवरच्या मुनिमांसाठी आहे, शाळेच्या लिपिकांसाठी आहे आणि दुरुस्तीच्या धंद्यात नव्याने आलेल्या पोरांसाठी तर नक्कीच आहे. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. गिऱ्हाईक स्वतः म्हणालं, “मारा फॉरमॅट,” तरी आधी विचारा, “मेलची प्रत घेतली का?” घेतली नसेल तर तुम्ही घ्या. त्याचे पन्नास रुपये जास्त लावा हवे तर.

आणि बाकीच्यांनी पान उलटण्याआधी एक करावं. मेलचा प्रोग्रॅम पूर्ण बंद करा, पहिल्या प्रकरणात दिलेल्या जागेवरचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि त्या डिस्कवर आजची तारीख लिहून ठेवा. मग वाचायला बसा.